वेस्टरॉसमधील वारस मुली: जमीन, लग्न आणि सत्ता

पैलतीर

(सूचना: या धाग्यात पाचही कादंबऱ्यांचा आणि दूरचित्रवाणी मालिकेचा रहस्यभेद आहे. लैंगिक हिंसाचाराचाही उल्लेख येणार आहे.)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या डार्क फँटसी कादंबरीमालेचे १९९६ ते २०११ या काळात प्रसिद्ध झालेले पाचही खंड मी नुकतेच दुसऱ्यांदा वाचले. या मालेतील स्त्रियांविषयीची चर्चा बहुतेक वेळा तलवार हाती घेतलेल्या आर्या आणि ब्रिएन, ड्रॅगन बाळगणारी डेनेरिस आणि राजमाता सर्सी यांच्याभोवती फिरते. पहिल्या वाचनात माझेही लक्ष त्यांच्यावरच होते. या वेळी मात्र ज्यांच्या नजरेतून एकही प्रकरण लिहिलेले नाही, अशा काही दुय्यम स्त्रियांनी मला थांबवून धरले. वेस्टरॉसमध्ये, म्हणजे या मालेतील काल्पनिक भूमीत, सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात नेमकी कोणत्या वाटेने जाते, हे त्यांच्याच कहाण्यांतून सर्वांत स्वच्छ दिसते असे मला वाटू लागले आहे.

दुसऱ्या खंडातील लेडी हॉर्नवुड आठवून पाहा. तिचा नवरा ग्रीन फोर्कच्या लढाईत गेला, एकुलता मुलगा व्हिस्परिंग वुडच्या लढाईत मारला गेला, आणि ती उत्तरेवर सत्ता असलेल्या स्टार्क घराण्याच्या विंटरफेल किल्ल्यात सुगीच्या मेजवानीसाठी आली आहे. ती शोकात आहे आणि तिची जमीन वारसाविना आहे, या दोन गोष्टींपैकी जमलेल्या सरदारांना दुसरीच अधिक दिसते. लॉर्ड मँडर्ली स्वतः लग्नाला तयार आहे, अंबर घराण्यातील मोर्स तिला मागणी घालतो, आणि टॉलहार्टांकडून तिच्या नवऱ्याच्या भाच्याला दत्तक वारस करण्याची सूचना येते. यांपैकी कोणीही दुष्ट नाही. सगळे रीतीला धरून, आदबीने बोलत आहेत. मग परतीच्या वाटेवर रूस बोल्टनचा अनौरस मुलगा रॅम्झी तिला पळवतो, तिच्याशी बळजबरीने लग्न लावतो, आपल्याला वारस ठरवणाऱ्या कागदावर तिची सही घेतो आणि तिला मनोऱ्यात कोंडून उपाशी मारतो. ती सापडते तेव्हा तिने स्वतःची बोटे चावून खाल्लेली असतात.

ही प्रतिमा कोणताही वाचक विसरणार नाही. पण त्यानंतर विंटरफेलमध्ये जे बोलणे होते, त्याकडे माझे लक्ष या वेळी प्रथमच गेले. तलवारीच्या धाकाने घेतलेली लग्नाची शपथ वैध नसते असे एक जण म्हणतो, आणि प्रश्न जमिनीचा असताना रूस बोल्टनला ते पटणार नाही असे उत्तर त्याला मिळते. दरम्यान, बोल्टनांपासून रक्षण करायचे म्हणून मँडर्लीच्या सैनिकांनी तिचा किल्ला ताब्यात घेतलेला असतो. रॅम्झीने जे केले ते राक्षसी आहे यात शंकाच नाही. परंतु ज्या दाराने तो आत शिरला, ते दार त्या मेजवानीतील सभ्य सरदारांनी आधीच उघडे ठेवले होते. जमिनीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्या स्त्रीच्या हातातून, म्हणजे तिच्या पाणिग्रहणातून जातो, हे सर्वांनाच मान्य होते. मतभेद होता तो केवळ रीतीचा.

हाच धागा पाचव्या खंडात पुढे येतो. विंटरफेलच्या कारभाऱ्याची मुलगी जेन पूल हिला आर्या स्टार्क म्हणून उभे केले जाते आणि तिचे लग्न रॅम्झीशी लावले जाते. तिचा चेहरा, तिचे मन, तिचे खरे नाव यांपैकी कशाचीही बोल्टनांना गरज नसते. त्यांना हवे असते ते ‘आर्या स्टार्क’ हे नाव आणि ते धारण करणारे एक शरीर, कारण त्या दोहोंच्या जोडीने उत्तरेवरचा हक्क सिद्ध होतो. त्याच खंडात अ‍ॅलिस कारस्टार्क ही सरदारकन्या घोडा दामटत उत्तर सीमेवरील बर्फाच्या भिंतीपर्यंत पोहोचते. तिचा हयात असलेला एकमेव भाऊ शत्रूच्या कैदेत आहे. तो मरावा आणि वारसा अ‍ॅलिसकडे यावा, मग तिच्याशी आपल्या मुलाचे लग्न लावून किल्ला घ्यावा, असा तिच्या वडिलांच्या काकाचा बेत आहे. भिंतीवरील पहारेकऱ्यांचा प्रमुख जॉन स्नो तिला वाचवतो. पण कसा वाचवतो? भिंतीपलीकडून आलेल्या थेन लोकांच्या प्रमुखाशी तिचे लग्न लावून. तिने ते मनापासून स्वीकारले असे दिसते आणि मला त्या प्रसंगाचा आनंदच झाला; तरीही सुटकेचे आणि सापळ्याचे साधन एकच आहे, ही गोष्ट मनातून जात नाही.

डेनेरिससारख्या सामर्थ्यवान स्त्रीचेही पहिले न्यायदान याच चौकटीत घडते. पहिल्या खंडात तिच्या नवऱ्याच्या टोळीतील डोथ्राकी स्वार जिंकलेल्या लाझारीन लोकांच्या स्त्रियांवर अत्याचार करत असताना ती मध्ये पडते, आणि या स्त्रिया हव्या असतील तर त्यांच्याशी लग्न करा असे त्या स्वारांना सांगते. तिची करुणा खरी आहे. मात्र त्या स्त्रियांना ते स्वार नवरे म्हणून हवे आहेत का, हे विचारण्याची भाषा तिलाही कोणी शिकवलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की या मालेतील पुरुषसत्तेचे सर्वांत खोल परीक्षण तलवारधारी स्त्रियांच्या कथांत नसून वारस मुलींच्या कथांत आहे. आपण हे कसे वाचता, हे मला जाणून घ्यायचे आहे.

निळी शाई

पैलतीर, लेडी हॉर्नवुडच्या प्रसंगाकडे मीही या दृष्टीने पाहिले नव्हते. तुमच्या मुद्द्याला मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासाची जोड द्यावीशी वाटते, कारण मार्टिन यांनी वेस्टरॉसची घडण बरीचशी तिथूनच घेतली आहे.

त्या काळात सरदाराची वारस मुलगी अज्ञान असली तर तिचे पालकत्व आणि तिचे लग्न लावून देण्याचा अधिकार वरिष्ठ सरदाराकडे किंवा राजाकडे जाई, आणि हा अधिकार सरळ विकता येत असे. ग्लॉस्टरची वारस इझाबेल ही जॉन राजाची पहिली पत्नी. त्यांचा विवाह रद्द झाल्यावरही तिच्या लग्नाचा अधिकार जॉनने आपल्या हाती ठेवला आणि १२१४ मध्ये जेफ्री द मँडव्हिलकडून २०,००० मार्क घेण्याचे ठरवून ती त्याला दिली. पुढच्याच वर्षी मॅग्ना कार्टामध्ये विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करू नये असे कलम आले, यावरून ती सक्ती किती सर्रास असेल याची कल्पना येते. त्या कलमाच्या पुढच्या भागात मात्र वरिष्ठाच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही अशी हमी विधवेने द्यावी असेही म्हटले आहे. नको असलेले लग्न टाळण्याचा हक्क तिला मिळाला. हवे ते लग्न करण्याचा मिळाला नाही.

दुसरे उदाहरण राजसिंहासनाचे. पहिल्या हेन्रीचा एकमेव औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून मरण पावला, तेव्हा हेन्रीने ११२७ मध्ये सरदारांकडून आपल्या मटिल्डा या मुलीला वारस मानण्याच्या शपथा घेतल्या. हेन्री ११३५ मध्ये वारला आणि त्याच महिन्यात त्याचा भाचा स्टीफन याने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. राजाने वारस नेमलेली त्याची मुलगी रेनिरा टार्गेरियन हिची कथा या घटनांवर बेतलेली आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. मला त्यातली एक गोष्ट विशेष बोलकी वाटते. स्टीफनचा स्वतःचा हक्क त्याच्या आईकडून, म्हणजे हेन्रीच्या बहिणीकडून आलेला होता. हक्क स्त्रीच्या मार्फत वाहू शकत होता, परंतु स्त्रीपाशी थांबू शकत नव्हता. वेस्टरॉसने तर याहून पुढचे पाऊल टाकले. हॅरनहालच्या १०१ सालच्या महासभेत राजाची नात रेनिस हिचा मुलगा लेनॉर याचा दावा फेटाळला गेला, आणि वेस्टरॉसचे लोहसिंहासन स्त्रीकडे जात नाही, तसेच स्त्रीच्या मार्फत तिच्या मुलाकडेही जात नाही, असा अर्थ पुष्कळांनी त्यातून काढला.

दीपमाळ

लेख मनापासून आवडला, तरी माझा एक गंभीर आक्षेप आहे आणि तो स्पष्टपणे मांडते.

जमीन आणि वारसा यांचे हे विश्लेषण उच्चकुलीन स्त्रियांपुरते बरोबर आहे. पण टायशाचे काय? ती एका गरीब शेतकऱ्याची मुलगी. बड्या लॅनिस्टर घराण्यातील टिरियनने तिच्याशी लग्न केले म्हणून त्याचा बाप टायविन याने तिला आपल्या शिपायांच्या हवाली केले. तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. युद्धकाळात रिव्हरलँड्समधील ज्या असंख्य स्त्रियांचे हाल मार्टिन सांगतात, त्यांच्याशी लग्न लावून कोणाला काही मिळणार नव्हते. त्यांच्यावरील अत्याचार हा कायद्याच्या आडून झालेला नाही, तो केवळ करता येतो म्हणून झालेला आहे. तुमच्या मांडणीत या स्त्रियांना जागा दिसत नाही.

दुसरे असे की टायशाला आपण कधीच भेटत नाही. टिरियनच्या आठवणीतूनच ती आपल्याला कळते. जेन पूलची लग्नाची रात्र स्टार्कांच्या घरी वाढलेल्या आणि आता रॅम्झीच्या कैदेत असलेल्या थिऑनच्या नजरेतून येते. लेडी हॉर्नवुडचा अंत इतरांच्या बोलण्यातून कळतो. ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय होतो त्यांनाच लेखक आतून बोलू देत नाही, आणि त्यांच्या वेदनेचा उपयोग पुष्कळदा एखाद्या पुरुषाच्या अंतर्मनाचा तळ दाखवण्यासाठी होतो. ‘त्या काळी असेच घडत असे’ हे समर्थन मी अनेकदा ऐकले आहे. ज्या जगात ऋतू वर्षानुवर्षे टिकतात आणि मेलेले उठून चालतात, त्या जगात कोणती गोष्ट इतिहासाप्रमाणे ठेवायची आणि कोणती बदलायची हा सर्वस्वी लेखकाचा निर्णय असतो, आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्वही त्याचेच असते.

पैलतीर

दीपमाळ, तुमचा पहिला आक्षेप मला मान्य आहे. टायशाच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की मोठ्या घराण्यातील मुलाचे लग्न हीसुद्धा एक मालमत्ताच होती आणि ती ‘वाया गेली’ म्हणून टायविनने इतकी क्रूर शिक्षा दिली. पण त्या शिक्षेचे स्वरूप तेवढ्याने उलगडत नाही, आणि रिव्हरलँड्समधल्या स्त्रियांना तर माझी मांडणी स्पर्शही करत नाही. मी तिची व्याप्ती फार मोठी धरली होती.

दुसऱ्या आक्षेपाशी मी अर्धीच सहमत आहे. जेनच्या प्रकरणांत थिऑनची नजर असणे हे मला अपरिहार्य वाटते, कारण ती आर्या नाही हे त्या किल्ल्यात जाणणाऱ्या मोजक्या माणसांपैकी तो एक आहे, आणि तोही आपले नाव हिरावले गेलेला माणूस आहे. तिला ओळखत असूनही देवराईतील त्या लग्नात तोच तिचे कन्यादान करतो. वाचक त्या अपराधात त्याच्यासोबत उभा राहतो, आणि तिथे उभे राहणे फार जड जाते.

दूरचित्रवाणी मालिकेने काय केले याच्याशी तुलना केली तर माझा मुद्दा स्पष्ट होईल. २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या सत्रात जेनला वगळून तिच्या जागी आर्याची बहीण सान्सा हिलाच रॅम्झीशी लग्न करायला लावले, आणि त्या रात्रीच्या दृश्यात कॅमेरा थिऑनच्या चेहऱ्यावर नेला. त्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. त्या बदलात आणखी एक गोष्ट हरवली, तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. कादंबरीत उत्तरेतील सरदार नेड स्टार्कच्या मुलीसाठी अस्वस्थ होतात. तिचे हुंदके आपले चालून येणाऱ्या स्टॅनिसच्या तलवारींहून अधिक नुकसान करत आहेत, असे लेडी डस्टिन सांगते. ती मुलगी कारभाऱ्याची जेन आहे हे कळले असते, तर त्या सरदारांपैकी किती जणांना ते हुंदके ऐकू आले असते? खरी सान्सा तिथे आणली की हा प्रश्नच नाहीसा होतो. तुम्ही टायशाबद्दल जे विचारले आहे, तेच मार्टिन इथे विचारत आहेत असे मला वाटते.

ओसरी

मी इथे सहसा केवळ वाचते, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

रॅम्झीने कागदावर सही घेतली हे वाचताना मला माझी आई आठवली. आजोबा गेल्यानंतर वर्षभराच्या आत आई आणि मावशी यांना तालुक्याच्या गावी नेऊन त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले गेले. तिथे तलवार नव्हती, आवाजही कोणी चढवला नाही. मामांनी दोघींना साड्या घेतल्या, जेवण झाले आणि भाऊबीज चालू राहील एवढा शब्द मिळाला. सातबाऱ्यावरून दोघींची नावे गेली. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘माहेर राहायला हवं ना.’ महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती केली, २००५ मध्ये ती तरतूद केंद्राच्या कायद्यात आली, आणि आमच्या घरातील हा कागद त्याच्याही नंतरचा आहे.

लेडी हॉर्नवुडच्या यातनांची आणि माझ्या आईच्या सहीची बरोबरी मी करत नाही, तशी ती करणे योग्यही होणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या मेजवानीतील आदबशीर सरदारांविषयी पैलतीर यांनी जे लिहिले, ते मी काल्पनिक जग म्हणून वाचू शकले नाही.

निळी शाई

ओसरीताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले.

कायदा असणे आणि तो पोहोचणे यांतले अंतर मार्टिन यांनीही दाखवले आहे. २०१८ मध्ये आलेल्या ‘फायर अँड ब्लड’ या टार्गेरियन राजघराण्याचा काल्पनिक इतिहास सांगणाऱ्या ग्रंथात राणी अ‍ॅलिसॅन ठिकठिकाणी केवळ स्त्रियांचे दरबार भरवते आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकते. विधवेला तिच्या पूर्वीच्या राहणीमानाने सांभाळण्याचे बंधन वारसांवर घालणारा कायदा तिच्यामुळे होतो, आणि नवविवाहितेवर पहिल्या रात्री सरदाराचा अधिकार मानणारी प्रथाही तिच्या आग्रहावरून बंद होते. (प्रत्यक्ष मध्ययुगीन युरोपात असा कायदेशीर अधिकार होता याला इतिहासकारांना विश्वसनीय पुरावा सापडलेला नाही, वेस्टरॉसमध्ये मात्र तो वास्तव आहे.) ही बंदी येऊन दोन शतके उलटल्यावर रूस बोल्टन एका गिरणीवाल्याला आपल्या परवानगीवाचून लग्न केले म्हणून फाशी देतो आणि त्याच झाडाखाली त्याच्या बायकोवर बलात्कार करतो. त्यातून जन्मलेला मुलगा म्हणजे रॅम्झी. राणीचा कायदा ज्या घरात पोहोचला नाही, त्या घरात जन्मलेला माणूस लेडी हॉर्नवुडचा काळ ठरतो.

सागरगोटा

चर्चेत वेस्टरॉसमधील डॉर्न हे दक्षिणेचे राज्य आणि लोहद्वीपे आली नाहीत म्हणून थोडे लिहितो.

डॉर्नमध्ये ऱ्हॉयनार लोकांच्या रीतीनुसार पहिले अपत्य वारस असते, मग ते मुलगी असो वा मुलगा. तरीही बाप आपल्याला डावलून धाकट्या भावाला गादी देणार आहे या भयाने आरिआन मार्टेलचे तारुण्य झाकोळले आहे. तिचा तो समज चुकीचा ठरतो. पण कायदा स्वच्छ तिच्या बाजूने असताना तिला तसे सहज खरे वाटावे, यावरून भोवतालच्या सहा राज्यांची हवा डॉर्नच्या राजवाड्यातही किती शिरली आहे हे दिसते.

लोहद्वीपांच्या राजाची मुलगी आशा ग्रेजॉय हिचे उदाहरण याहून विदारक आहे. ती जहाजांची कप्तान आहे, लढवय्यी आहे आणि राजसभेत स्वतःचा दावा मांडते. तिथे तिचा काका युरॉन जिंकतो. त्यानंतर तो तिचा वध करत नाही, तिच्याशी द्वंद्वही करत नाही. तिच्या गैरहजेरीत, तिच्या जागी एक सील उभा करून, तो एका वृद्ध सरदाराशी तिचे लग्न लावून टाकतो. एवढ्याने तिचा दावा संपतो. पैलतीर, तलवारधारी स्त्रिया आणि वारस मुली अशी जी विभागणी तुम्ही केलीत, ती आशाच्या बाबतीत टिकत नाही. तिच्या हाती कुऱ्हाड आहे आणि तरीही तिला लग्नानेच बाद केले जाते.

पुरुषांविषयीही एक वाक्य लिहायला हवे. सॅम टार्लीला त्याचा बाप, वारसा सोडून भिंतीवर जा नाहीतर शिकारीत तुझा ‘अपघात’ होईल, असे सांगतो, कारण तो मुलगा पुस्तकांत रमतो आणि रक्त पाहून घाबरतो. ब्रिएनच्या कौमार्यावर शिबिरातील सरदारांनी पैज लावली तेव्हा दोष ब्रिएनलाच देणारा माणूस हाच रँडिल टार्ली. कोमल मुलगा आणि लढाऊ मुलगी या दोघांना मोडू पाहणारा हात एकच आहे, आणि ही योजना लेखकाने जाणीवपूर्वक केली असावी अशी माझी खात्री आहे.

पैलतीर

सागरगोटा, आशाचे उदाहरण मी विसरले होते. तुमचे म्हणणे मान्य. ओसरीताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला; त्यावर आणखी काही लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही, फक्त आभार आहेत.

दीपमाळ यांच्या आक्षेपावर मी दोन दिवस विचार करत होते आणि काल रात्री जेनच्या सुटकेचे प्रकरण पुन्हा काढून वाचले. तिला सोडवायला सहा स्त्रिया विंटरफेलमध्ये येतात. त्या भिंतीपलीकडच्या, भाला चालवणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्याकडे पुरुष स्त्रीला पळवून नेतो ही रीत आहे, पण पळवून नेणारा पुरुष नकोसा असेल तर तिने त्याचा गळा चिरावा हीसुद्धा त्यांच्यात मान्य असलेली गोष्ट आहे. त्यांच्या देशात किल्ले नाहीत, घराण्यांच्या जमिनी नाहीत आणि वारसपत्रेही नाहीत. जेनच्या लग्नामुळे कोणाला कोणती जमीन मिळेल याच्याशी त्यांना काहीही देणेघेणे नाही.

त्यांना पाठवले आहे ते आर्या स्टार्कला आणण्यासाठी, हे खरे. त्यांच्यातील स्क्विरल ही जेनचे कपडे स्वतःच्या अंगावर चढवते, आपले तिला देते, आणि पहारेकऱ्यांना संशय येऊ नये म्हणून त्या शयनगृहात मागे थांबते. फ्रेनिया वाटेत पहारेकऱ्यांना अडवायला थांबते. हॉली तटावर बाण लागून मरते. जेनला घेऊन थिऑन तटावरून बर्फात उडी मारतो, तेव्हा या स्त्रियांपैकी एकही त्यांच्याबरोबर नसते. आपण नेत आहोत ती मुलगी कोणत्याही सरदाराची कन्या नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलेले नव्हते.